व्हॅनमधलं बोटीचं यंत्र

अक्षयाने चावी फिरवली तशी व्हॅनने नुसतं टक् केलं आणि गप्प बसली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. समोरचे लाल-पिवळे दिवे मरगळत विझले. डॅशबोर्डवर बसवलेलं बोटीचं यंत्र तेवढं क्षणभर लुकलुकलं, आणि ह्या घोळाशी आपला काडीचा संबंध नाही अशा थाटात पुन्हा हिरवट उजेड देत राहिलं.

"बसली?" शेजारच्या सीटवरून नरहरींनी विचारलं.

"बसली," अक्षया म्हणाली. सासऱ्यांकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून काहीतरी गेलं असतं, आणि सकाळी सकाळी तिला ते नको होतं. जोडून आलेल्या सुट्ट्यांत गाडी अंगणात उभी होती आणि तेवढे सगळे दिवस ते यंत्र बॅटरीतला करंट ओढत बसलं होतं. तिकडे अर्नाळ्यापासून नंदाखालपर्यंत मुलं दप्तरं पाठीला लावून आपापल्या फाटकांत उभी असणार.

ती उतरली. धक्क्यावरून मासळी उतरवून परतणाऱ्या चौघा-पाचजणांना तिने हाक मारली. ते हसत आले. नरहरींचं ह्या गल्लीत सगळ्यांशी काही ना काही नातं होतं, त्यामुळे चेष्टा केल्याशिवाय कुणी धक्का देणार नव्हतं.

"काय नरहरीतात्या, बोट रेतीत रुतली काय?"

"भरती आली का निघंल," नरहरी खाली उतरत म्हणाले. "तुमी नुसतं ढकला. बोलायला नाय बोलावलं."

ओट्यावरून सासू प्रेमला बघत होती. तिच्या कडेवर अक्षयाची आठ महिन्यांची भाविका, रात्रभर जागी राहून आता कुठे पेंगुळलेली. "बोट गेली, पन बोटीचं भूत गाडीत येऊन बसलंय," सासूने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "रगत पितंय गाडीचं. मी म्हनते, पानी कुठं, गाडी कुठं!"

व्हॅन खोकली, हादरली आणि सुरू झाली. नरहरी चालत्या गाडीत चढून बसले. बसल्या बसल्या त्यांनी यंत्राच्या पडद्यावर तळवा ठेवला. ताप बघतात तसा.

बोट विकून दीड वर्ष झालं होतं. खलाशी मिळेनासे झाले, डिझेल परवडेना, आणि अनुजने, त्यांच्या एकुलत्या मुलाने, बोईसरच्या कारखान्यात पाळीची नोकरी धरली. सातपाटीचा एकजण बोट घेऊन गेला. त्याला समुद्रातली वाट दाखवणाऱ्या ह्या यंत्रासकट हवी होती. नरहरी म्हणाले, जाळी ने, इंजिन ने, यंत्र नाय. समुद्रात कुठे खडक आहे, कुठे जाळं फाटतं, कुठे कुठल्या महिन्यात मासा मिळतो, ह्याचे सगळे पॉइंट त्यात मारलेले होते. असले पॉइंट माणूस सख्ख्या भावाला देत नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने स्क्रू काढले, वायरी गुंडाळल्या, यंत्र टॉवेलात बांधलं आणि कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर ते ओट्यावर बसले ते बसलेच. येणाऱ्या-जाणाऱ्याने हाक मारली तर हात वर करायचे, एवढंच.

अक्षया तुळिंजची, रिक्षावाल्याची मुलगी. स्टिअरिंगची भीती तिला कधी नव्हतीच. भाविका चार महिन्यांची झाल्यावर तिने शाळेच्या मुलांसाठी व्हॅन घेतली. आणि एक दिवस ओट्यावरच्या त्या वर होणाऱ्या हाताकडे बघून ती म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर चला ना. पोरांना रस्ता ओलांडून द्यायला कोणीतरी पाहिजेच मला. नाहीतर बाई ठेवावी लागेल."

दुसऱ्या दिवशी ते तयार होऊन आले, तर काखेत टॉवेलाचं गाठोडं.

"बाबा, हे पाण्यावरचं आहे," ती हसून म्हणाली होती. "ह्यात रस्ते नाही दिसणार. रस्त्यासाठी माझा फोन आहे."

"ते वरनं बघतं, आभाळातनं. त्येला पानी काय नि जमीन काय."

आगाशीच्या नाक्यावरच्या ज्युलियसने ते बसवून दिलं. गाडीच्या वायरिंगचं काम करणारा हा पोरगेला माणूस, तोंडाने सतत चालू. "वहिनी, करंट चावीवरचा देऊ की डायरेक्ट?" त्याने विचारलं होतं. चावीवरचा म्हणजे गाडी बंद की यंत्र बंद. डायरेक्ट म्हणजे थेट बॅटरीवरून, रात्रंदिवस. अक्षया चावीवरचा म्हणणार तोच नरहरी म्हणाले, "डायरेक्ट दे. आतला सेल मेलाय त्याचा. मिनिटभर करंट तुटला का सगळं पुसतं." तसला सेल आता मिळतही नाही, असं ज्युलियस म्हणाला.

पडदा पेटला तेव्हा नरहरी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. मग पुन्हा घातली. अक्षयाला वाटलं, भरून आलं बाबांना. म्हणून ती डायरेक्टला काही बोलली नाही. तेव्हाही नाही, आणि मागच्या महिन्यात गाडी पहिल्यांदा बसली तेव्हाही नाही.

नंदाखालला पॉलिन मुलाला घेऊन फाटकाच्या बाहेर रस्त्यावरच उभी होती. केल्विन कुंपणाच्या दगडावर बसून डब्यातली चपाती खात होता.

"काय गो अक्षया, किती वेळ! शाळेची प्रार्थना पण झाली असेल."

"सॉरी पॉलिन. बॅटरी बसली."

"परत?" पॉलिन केल्विनचा हात पुसत म्हणाली. आवाज चढवण्यातली ती नव्हती आणि म्हणूनच तिचं बोलणं लागायचं. "बघ, तू आहेस म्हणून मी निवांत असते. पण आमच्या आळीतले सगळे त्या पिवळ्या बसवाल्याकडे जायचं म्हणतायत. मी थांबवलंय. अजून एकदा झालं ना, तर मला नाही थांबवता यायचं गो."

ह्या आळीतली मुलं गेली तर व्हॅनचा हप्ता सुटणार नव्हता. पॉलिनलाही ते ठाऊक होतं. नरहरींनी उतरून केल्विनला आत चढवलं, दार लावून ते ओढून बघितलं आणि आपल्या जागी येऊन बसले. यंत्र टिप् असं वाजलं. रोजच वाजायचं ते अधूनमधून. मागच्या सीटवरून केल्विनने त्याची नक्कल केली, "टिप्!" आणि सगळी व्हॅन टिपटिप करायला लागली. अक्षया आज हसली नाही.

दुपारी मुलांना घरी सोडून ती परस्पर आगाशीला वळली. वळल्यावर मगच म्हणाली, "बाबा, ज्युलियसकडे जातेय. चावीवर घ्यावं लागेल ते."

"हां," नरहरी म्हणाले.

एवढंच. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ज्युलियसने सीटखाली हात घालून फ्यूज शोधला. "वहिनी, तारीख लिहून ठेवायला पाहिजे होती. मी तेव्हाच मनात म्हटलेलं, तात्यांचं यंत्र बॅटरीला खाणार."

"थांब, काढू नको," अक्षया एकदम म्हणाली. "आधी मला सगळे पॉइंट फोनवर उतरवून घेऊ दे. एकेकाचा फोटो काढते."

"नको बाय," नरहरी म्हणाले. "फोटो कशाला?"

"असं कसं? तुमचा सगळा जन्म आहे त्यात. मी कोणाला दाखवणार नाही, शप्पथ. अनुजला पण नाही."

"नको म्हनतो ना."

पण तिने फोन काढलाच होता. नरहरींनी तिच्याकडे बघितलं, मग अंगठ्याने एक बटण दाबून धरलं. पडद्यावरचं चित्र लहान लहान होत गेलं आणि किनाऱ्याची वाकडी रेघ दिसली. अर्नाळ्याचं टोक तिने ओळखलं. रेघेच्या डाव्या अंगाला सगळा समुद्र, कोरा. खाली खाली सरकवला तरी कोरा. एक ठिपका नाही.

"बाबा, समुद्रात तर काहीच नाही."

"नाय."

"मग पॉइंट?"

"ते गेले. कपाटावर होतं तवाच गेले. मला वाटलेलं, थोडी धुगधुगी राहिली असंल सेलमधी." त्यांनी बाही पुढे ओढून पडदा पुसला. "इथं लावलं त्या दिवशीच बघितलं मी."

ज्युलियस न ओढलेला फ्यूज चिमटीत तसाच धरून वर बघत होता.

अक्षयाचं लक्ष रेघेच्या उजव्या अंगाला गेलं. जमिनीवर. तिथे ना रस्ता होता ना गाव, नुसता रंग फासल्यासारखी मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेत बारीक बारीक मासे. अर्नाळ्यापासून सुरू होऊन आगाशी, नंदाखाल, वाकडीतिकडी एक माळ.

"हे काय?"

"ह्यो केल्विन," नरहरींनी एका माशावर नख ठेवलं. "ह्ये ते जुळे, पाटलांच्या वाडीतले. ही ती बारकी, उतरताना रडते ती." नख सरकलं. एके ठिकाणी माशाऐवजी फुटक्या बोटीची खूण होती. "हितं कठडा नसलेली विहीर हाय. पावसात दिसत नाय ती. आनि हितं पाटलांचा कुत्रा सुटलेला असतो." ते तिच्याकडे वळले. "तू आजारी पडलीस, दुसरा कोन गाडीवर बसला, तर त्येला कसं कळनार, कोन कुठं उभं ऱ्हातं?"

माळ शाळेपाशी संपत होती. तिथून परतीच्या वाटेवर, नंदाखालच्या अलीकडे, एक खूण सुटी होती. मासा नव्हे, बोटीचा नांगर.

"आणि हा?" अक्षयाने विचारलं.

नरहरींनी नख मागे घेतलं. "तितं इंजिन थंड होतं," ते म्हणाले.

"इंजिन तापतं काय वहिनी?" ज्युलियस सरळ होऊन बसला. "मला कधी बोलला नाहीत. पाणी बघू काय?"

"नको," अक्षया म्हणाली.

मुलांना शाळेत सोडून येताना केळीच्या वाडीलगत रस्ता जरा रुंद होतो, तिथे ती रोज गाडी बाजूला घ्यायची. "इंजिन थंड होऊ दे जरा, बाबा," म्हणायची आणि डोकं मागे टेकून डोळे मिटायची. घरी गेल्यावर भाविका होती, कपडे होते, सासूबाईंचं गुडघ्याचं तेल होतं. ती दहा-बारा मिनिटं कुणाच्याच हिशेबात नव्हती. तेव्हा बाबा खिडकीला कपाळ लावून झोपलेले असायचे. असं तिला वाटायचं.

तिने फोन पिशवीत टाकला. मग काढला, मग परत टाकला.

"ज्युलियस, राहू दे," ती म्हणाली. "मी मोठी बॅटरी घेईन. बघू काहीतरी."

"काय बघू?" नरहरी पहिल्यांदाच जरा जोरात बोलले. "पॉलिन काय म्हनाली ऐकलं ना मी? चावीवर कर रे पोरा."

"तात्या, मग रोज गाडी बंद केली की रोज सगळं साफ होणार."

"होऊ दे साफ. रोज मारीन. मला दुसरं काय काम हाय?"

ज्युलियसने अक्षयाकडे बघितलं. ती डॅशबोर्डवरची नसलेली धूळ झटकत होती. त्याने फ्यूज ओढला. हिरवा उजेड गेला. मग बराच वेळ पक्कडीचे आणि चिकटपट्टीचे आवाज येत राहिले.

सकाळी व्हॅन पहिल्या फिरकीत सुरू झाली. यंत्र पेटलं, पडदा कोरा. पहिल्या घरापाशी अक्षयाने गाडी थांबवली, मूल चढलं, दार लागलं. तिने गिअर टाकला नाही. नरहरींनी चष्मा नाकावर ढकलला, बटणं चाचपली. एका माशाला चांगला वेळ लागत होता. यंत्र वाजल्यावरच ती निघाली. पुढच्या घरीही तसंच. नंदाखालला पॉलिनने घड्याळ बघितलं आणि मग न निघणाऱ्या गाडीकडे.

"काय गो, आता वेळेवर आलीस तर थांबलीस का?"

"बाबांचं व्हायचंय अजून," अक्षया म्हणाली.

शाळेपाशी मुलं उतरली. परतताना वाडीलगत आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली. हात सवयीने चावीकडे गेला आणि तिथेच थबकला. पडद्यावर सकाळची सगळी माळ होती, एकही मासा न चुकलेली. तिने हात मागे घेतला. इंजिन तसंच घरघरत ठेवून तिने मान टेकली. सीट थरथरत होती, पायांखालचा पत्रा थरथरत होता. डोळे मिटले तरी मिटल्यासारखे वाटेनात.

यंत्र टिप् वाजलं. तिने मिटल्या डोळ्यांनीच ओळखलं, कुठली खूण ती.

मग बाबांच्या हाडकुळ्या मनगटाचा तिच्या कोपराला ओझरता धक्का लागला. ते पुढे वाकले होते. त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला आणि चावी फिरवली.

घरघर थांबली. वाडीतली पानं वाजत होती, लांब कुणीतरी पंप सुरू केला होता. अक्षया सरळ झाली. पडदा काळा झाला होता.

"बाबा, पॉइंट..."

"उद्या पोरं तितंच उभी असनार," नरहरी म्हणाले. "मासा हाय काय, जागा सोडायला?" त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि तोंड वाडीकडे फिरवलं. "पोरगी काल पन रात्रभर रडत होती. ऐकलं मी. निज तू."