हत्तीगवताच्या तीन ओळी

आविनोने मक्याचा पोंगा दोन बोटांनी उलगडला. आत ओला भुसा होता आणि कोवळ्या पानांवर एका रांगेत भोकं. तिने पुढचं रोप पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. मग पाहणं सोडून दिलं.

"पाहुणे आले वाटतं, वहिनी?" बांधापलीकडून ओलूने विचारलं. त्याचा मका डोक्याच्या वर गेला होता.

"तुझ्याकडे शिळंपाकं वाढतात म्हणे. म्हणून इकडे आले."

ओलू हसला. मग तिच्या बांधावरची हत्तीगवताची खुंटं बघून आपल्या कामाकडे वळला.

गवत तिनेच लावलं होतं, शेताभोवती तीन ओळी. खोडकिड्याची मादी अंधार पडताना वासावर येते. मक्यापेक्षा तिला या गवताचा वास अधिक ओढतो. ती तिथेच अंडी घालते आणि गवताच्या चिकात अळ्या मरतात. गावात शेतीचं शिकवायला आलेल्या बाईंनी बजावलं होतं, एका वेळी एकच ओळ कापा.

पाऊस लागला तेव्हा सासू अंथरुणावर होती. घरातल्या थोरलीने पहिलं बी टाकल्याशिवाय सुनेने टाकायचं नसतं, अशी रीत. आविनो महिनाभर थांबली. सासू एका सकाळी कशीबशी उठली, बी टाकून पुन्हा आडवी झाली. नंतर तिच्या पोटात दुधाशिवाय काही ठरेना. तिला एकटं टाकून चाऱ्याला लांब जाता येईना, म्हणून आविनोने गायीसाठी तिन्ही ओळी कापल्या. आता आसपास कोवळा मका फक्त तिचाच होता.

सासू रिस्पा अंगणात भिंतीला टेकून बसली होती.

"मका कसा आहे गं?"

"बरा आहे, आई."

"वारा तिकडूनच येतोय." म्हातारीने नाक किंचित वर केलं. "कुरतडलेल्या पानाचा वास मला नवा नाही. उपटून गायीला घाल."

"आणि आपण काय खायचं?"

रिस्पाने हात पुढे केला. "बी उरलंय का? एक दाणा दे."

आविनोने आणून दिला. म्हातारीने तो पायाजवळच्या मातीत अंगठ्याने दाबला.

"हे पुढच्या पावसाचं पहिलं बी. तेव्हा माझ्यासाठी थांबू नकोस."

कोंबडी आली. तिने माती उकरली आणि दाणा उचलला. आविनोने तिला हाकललं नाही.

"दूध घ्या, आई," ती म्हणाली. "निवतंय."