बेसमेंटमधला कौल

आमच्या घरातले मोठे निर्णय देव घेतो, असं प्रल्हाद सगळ्यांना सांगतो. खरं तर निर्णय मी घेते. देव फक्त सही करतो.

प्रल्हाद, म्हणजे माझा नवरा, मूळचा सावंतवाडीकडचा. त्यांच्या गावात काही ठरवायचं असलं की देवाला कौल लावतात. दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रल्हादने गावच्या पाथरवटाकडून वीतभर देव घडवून घेतला आणि इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला आणून बेसमेंटमध्ये बसवला, कारण वर उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलतो. बसवला तो नेमका हीटरची गरम हवा येते त्या व्हेंटशेजारी.

अकरा वर्षांपूर्वी धूळ पुसताना माझा हात व्हेंटच्या पट्ट्यांना लागला आणि मला साक्षात्कार झाला. पट्ट्या उजवीकडे वळवल्या की उजवी पाकळी सुकून पडते, डावीकडे वळवल्या की डावी. तेव्हापासून टेक्सासची बदली डावी, सेकंड हँड बोट डावी, सासूबाईंचे सहा महिने उजवे. मी काही अगदीच दुष्ट नाही.

यंदा फेब्रुवारीत मात्र प्रकरण गळ्याशी आलं. चाकणच्या एका कारखान्याने प्रल्हादला प्लांट हेड म्हणून बोलावलं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. तो घरभर शीळ घालत हिंडत होता. मी इथे स्कूल बस चालवते. पिवळी, लांबलचक, बावन्न पोरांची. सावंतवाडीत प्रल्हाद सांगतो, नीलांबरी 'एज्युकेशनमध्ये' आहे. पण बर्फातून ती बस डेपोबाहेर काढताना मला जो आनंद होतो, तो ग्रीन कार्ड आलं तेव्हाही झाला नव्हता. चाकणला मला कोण बस देणार?

रविवारी प्रल्हाद आंघोळीला गेला तशी मी खाली जाऊन पट्ट्या पार डावीकडे वळवल्या.

दहा वाजता आम्ही दोघं आणि कॉलेजमधून दोन दिवस घरी आलेली आमची लेक अनिका, असे देवापुढे उभे राहिलो. प्रल्हादने पाकळ्या लावल्या, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! चाकणाक जाण्यात ह्या लेकरांचा भला असात, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. अनिकाचं 'म्हाराजा' अस्सल मिशिगनचं.

हीटर घरघरला. गरम हवा सुटली. आणि उजवी पाकळी टपकन खाली आली.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझा देवावर विश्वास बसला. प्रल्हाद मात्र "चला, देवाची इच्छा!" म्हणत पेढ्यांचा डबा उघडत होता. पेढे आधीच आणलेले! मी पुढे होऊन डावी पाकळी ओढली. येईना. बोट चाटून बघितलं.

"प्रल्हाद, हा मध आहे. उजवीला मात्र नुसतं पाणी!"

"आणि तू सकाळी पट्ट्या वळवल्यास, त्याचं काय?"

"चोराच्या उलट्या बोंबा! तुला कुणी सांगितलं?"

"नीलू, मी गाड्यांच्या एसीचे व्हेंट डिझाइन करतो. हवा कुठून कुठे जाते, याचाच मला पगार मिळतो. टेक्सासपासून माहीत आहे मला."

"सो नोबडी वॉज एव्हर आस्किंग गॉड?" अनिका म्हणाली, आणि पेढा उचलून वर निघून गेली. शहाणी आहे पोरगी.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलास?" मी विचारलं.

"तुला काय हवंय ते त्यातून कळायचं. तोंडाने तू कधी सांगितलं नाहीस."

"तू तोंडाने विचारलंस कधी? विचारायचास तो या दगडाला!"

माझा आवाज इतका चढला की मीच दचकले. प्रल्हाद जिन्याच्या पायरीवर बसला.

"बरं, विचारतो. तुला काय हवंय?"

मला रागच आला. पट्ट्या वळवणं किती सोपं होतं! त्यात कारण द्यावं लागत नाही. "मला बस चालवायचीय," मी म्हणाले. "तिथे मी प्लांट हेडची बायको असेन. इथे मी ड्रायव्हर आहे. तुला काय हवंय?"

"मला जायचंय," तो म्हणाला. "एकदा तरी कुणाचा तरी साहेब व्हायचंय."

मग त्याने फोन काढला, नकाराची चार ओळींची मेल लिहिली आणि माझ्यापुढे धरली. "पाठवू?"

'पाठव' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. "तू ठरव," मी म्हणाले. हे बोलणं बर्फात बस वळवण्याहून कठीण गेलं.

त्याने डोळे मिटले, अंगठा दाबला. मेल गेली.

"एक सांगतो, नीलू. टेक्सास देवाच्या नावावर खपलं. हे नाही खपणार. चाकणवरून मी तुला जन्मभर ऐकवणार."

"ऐकव," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "पण माझ्या तोंडावर ऐकव."