सिल्लोडची अर्धलीची कोंबडी

कडुबाचा जमादार आरवला की बजाजनगरातल्या पहिल्या पाळीच्या माणसांचे पाय आपसूक चपलेत जात. एकदा तर तो असा ताणून आरवला म्हणे, की नाक्यावरची कंपनीची बस ड्रायव्हर नसतानाच चार हात पुढं सरकली. हे सांगताना कडुबाचं तोंड इतकं गंभीर असे, की ऐकणारा फक्त एवढंच विचारी, "मग थांबवली कुणी?"

कडुबा कंपनीतनं रिटायर झालेला. घरामागं पत्र्याचं खुराडं, त्यात डझनभर गावरान कोंबड्या आणि त्यांच्यावर हा तांबडा, तुरेबाज जमादार. बायको गोजरबाई रागानं त्याला "तुमचा थोरला" म्हणायची. कडुबानं कधी नाकारलं नाही.

थंडीच्या तोंडाला गोजरबाईच्या बहिणीनं, सरूबाईनं, सिल्लोडहून एक कोंबडी धाडली. अर्धलीनं. म्हणजे कोंबडी सरूबाईची, दाणापाणी गोजरबाईचं, पिलं निम्मी निम्मी. आणि मालकिणीला विचारल्याबिगर कोंबडीच्या मानेला सुरी लावायची नाही. बहिणीबहिणींतला हा करार कोर्टाच्या कागदाहून पक्का. पाहुणी जीपमधनं उतरली ती एक डोळा मिचकावतच. डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी, मधूनच बारीक शिंक.

"वारं लागलं असंल वाटंत," गोजरबाई म्हणाली.

"डोळा मारती, लबाड!" म्हणत कडुबानं तिला सरळ जमादाराच्या शेजारी सोडलं. पाहुणीला वेगळं बसवायचं त्यांच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

आठवडा सरला नाही तोवर सगळं खुराडं शिंकायला लागलं. कोंबड्या चोच उघडी टाकून श्वास घेत, आणि श्वासागणिक त्यांचं शेपूट खालीवर होई. नाकाला घाण वासाचा शेंबूड, डोळ्याखाली सूज. जमादारानं पहाटे मान उंचावली, तर गळ्यातनं बांगेऐवजी फुटक्या भात्यासारखी घरघर आली. त्या दिवशी निम्म्या गल्लीला कामावर उशीर झाला. निदान कडुबाचा हिशेब तसा होता.

शेजारचा धोंडिबा धावत आला. उपाय सांगण्यात त्याचा हात धरणारा माणूस वाळूजपर्यंत नव्हता. उपायानं बरं झालेलं जनावर मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"नजर हाय ही, कडुबा. खुराड्याला चौबाजूनं पोती बांध अन् लोबान, लिंबाचा पाला, मिरच्या, अशी दणकून धुरी दे. धूर भायेर नाय गेला पायजे."

कडुबानं अशी धुरी दिली की पलीकडच्या लाइनीतली माणसं खोकत विचारायला आली, नवी कंपनी कधी चालू झाली म्हणून. सकाळी पोतं उचललं तर दोन कोंबड्या पाय वर करून पडलेल्या.

"बघ, रोग निघाला," धोंडिबा म्हणाला.

"व्हय, अन् जाताना कोंबड्याबी घेऊन गेला," गोजरबाई म्हणाली.

मग कडुबानं जमादाराला पिशवीत घातलं, मुंडकं बाहेर ठेवलं, आणि रिक्षा करून जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई विशाखा मॅडम. त्यांनी कोंबड्याच्या छातीला कान लावला, चोच उघडून घसा पाहिला.

"धुरी दिली होती का, काका?"

"थोडीशी."

"पिसांना अजून मिरचीचा वास येतोय. श्वासाला आधीच वाट नाही, त्यात तुम्ही धूर कोंबला. मान वाकडी होते का कुणाची? हिरवं हगतात?"

"नाय."

"मग मानमोडी नसावी. तिला औषध नाही, आधी लस द्यावी लागते. पण नुसतं बघून मी सांगणार नाही. मेलेली कोंबडी तपासायला आणा. तोवर हे औषध पाण्यातनं द्या. पोती काढा, वारा खेळू द्या, खालची ओली घाण काढा. आजारी वेगळ्या ठेवा. आधी चांगल्यांना दाणा, मग आजाऱ्यांना, मग हात धुवा. एकही पक्षी विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. नवीन कोंबडी आणली होती?"

"सिल्लोडहून आली," कडुबा म्हणाला. घरी येऊन त्यानं गोजरबाईला फोन लावायला सांगितला.

"सरू, खरं सांग. तुझ्याकडं शिंकत व्हत्या का गं?"

पलीकडं सरूबाई रडायलाच लागली. "आक्का, पटापट मरत व्हत्या. ही तेवढी धड दिसली. म्हनलं तुझ्याकडं तरी जगंल."

गोजरबाईच्या तोंडाला आलेली शिवी तिथंच विरली.

जमादाराचा मुक्काम मोरीत हलवला. कडुबा मिठाच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचे डोळे पुसायचा, थेंबाथेंबानं पाणी पाजायचा. "ऊठ रे, बस खोळंबलीया," म्हणायचा. चार कोंबड्यांची सूज उतरली, पुन्हा चढली, आणि त्या गेल्या. मेलेल्या कोंबडीच्या तपासणीत छातीचा चिवट, एकीचा दुसरीला लागणारा रोग निघाला. एका दुपारी जमादारानं कडुबाच्या मांडीवर चोच उघडली, आणि ती तशीच उघडी राहिली.

"आदीच कापला असता तर रस्सा तरी झाला असता," धोंडिबा कुंपणावरनं म्हणाला.

कडुबानं खड्डा खणला, चुना टाकला. त्यावर कडुबा नेहमीसारखी एखादी थाप ठोकील असं धोंडिबाला वाटत होतं. तो बराच वेळ ताटकळला आणि घरी गेला.

महिन्याभरात खुराड्यात एकच जीव उरला. सिल्लोडची. डोळा कोरडा, अंगावर तकाकी, मधूनच एखादी शिंक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बरी दिसली तरी रोग तिच्या अंगात दडून राहील, अंड्यातनं पिलातही उतरेल. ती असेतो दुसरा पक्षी आणू नका.

गोजरबाईनं पुन्हा फोन लावला. "सरू, हिला कापावं लागंल गं."

"आक्का, माझ्या सगळ्यांतली तेवढीच ऱ्हायली. नको ना."

गोजरबाईनं फोन ठेवला. सुरी फळीवरच राहिली. परत धाडायची सोय नव्हती, विकायची नव्हती, कुणी सोबतीला आणायचं नव्हतं.

चार दिवसांनी ती खुडूक झाली, कोपऱ्यात अंडी धरून बसली. कडुबानं तिच्या पोटाखाली हात घालून ऊबदार अंडी एकेक काढून घेतली. ती जागची हलली नाही. पिसं फुगवून, मोकळ्या मातीवर, तशीच बसून राहिली.