दोन फेरे

स्वयंपाकघरात बाटल्यांत पाणी भरल्याचा आवाज चालू होता, तोवरच काय ते उरकायला हवं होतं. गॅलरीत उकिडवी बसून तिने सायकलच्या मागच्या ब्रेकवरचा वाटाण्याएवढा स्क्रू चिमटीत धरला आणि आणखी एक फेरा दिला. मग चाक हाताने फिरवलं. फरशीवरून कागद ओढावा तसा बारीक आवाज आला. रबर रिमला लागत होतं. तिच्या पाठीला धरून उभी असलेली तिची तान्ही लेक ढमी त्या आवाजाला खुदकन हसली.

"हसू नकोस गं," ती कुजबुजली. "पकडली जाईन मी."

"कोण कुणाला पकडतंय?" नवऱ्याने आतून विचारलं.

"ढमी. सायकल पकडून उभी राहायला बघतेय."

"राहू दे. चाकात बोटं घालू देऊ नकोस फक्त."

बोटं घालू देऊ नकोस! या घरात काळजी करायचा मक्ता कुणाकडे आहे हे जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत तो उतारावरच्या एका वळणावर पडला, तेव्हा तिला आठवा महिना होता. फोनवर कुणीतरी "तसं काही नाही, वहिनी" एवढंच म्हणालं, आणि तसं म्हणजे कसं हे कळायला तिला पाऊण तास लागला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ते यथावकाश जुळलं. तिचा तो पाऊण तास मात्र अजून संपला नव्हता.

सायकल सोड असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणणार कसं? नकाशे काढायच्या कचेरीत दिवसभर मान खाली घालून बसणारा हा माणूस सायकलवरून उतरला की घटकाभर मान ताठ ठेवून चालायचा. तेव्हा तिने आपल्या पदवीचा आधार घेतला. भौतिकशास्त्रात पहिला वर्ग काय उगाच मिळवला होता? मागचं चाक किंचित घासत राहिलं तर उतारावरचा वेग किंचित कमी होणार, एवढं साधं गणित होतं. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तिथे धोका. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने मोजून दोन फेरे दिले. शर्यतीहून सायकल परत आल्यावर तपासलं, तर दोन्ही फेरे जागच्या जागी. त्याला पत्तासुद्धा नव्हता!

पहिल्या शर्यतीत तो बेचाळिसावा आला, दुसरीत अठ्ठाविसावा. अंगावर ओरखडा नाही. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. तिसऱ्या शर्यतीत मात्र कोण जाणे कसा, तो बारावा आला आणि उतारावर कसा सुसाट सुटलो होतो ते सांगत ढमीला छताकडे उडवत राहिला. ढमी खिदळत होती. हिची नजर त्याच्या खांद्यावर.

म्हणून आज हा तिसरा फेरा.

दुसऱ्या दिवशी, चौथ्या शर्यतीत, तो ठरलेल्या वेळेत पोचलाच नाही. मी आलो तेव्हा संयोजक टेबलं आवरत होते, असं त्यानेच हसून सांगितलं. मग न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून बुटाचे बंद सोडायला लागला आणि एक बंद हातात धरून तसाच बसून राहिला.

"पायच नाहीत या वर्षी," तो म्हणाला. "कुठे गेलेत कोण जाणे."

"होतं असं एखाद्या वेळी."

"मास्तरांनी सांगितलंय. शेवटच्या शर्यतीत पहिल्या दहात यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी टीम."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक. सायकल क्लब त्यांच्या शिट्टीवर चालायचा.

"दुसऱ्या टीममध्ये काय वाईट आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. तिथे लोक पोट कमी करायला येतात."

ती हसली, पण अंमळ उशिराच. गॅलरीत जाऊन तिने स्क्रू चाचपला. तीन फेरे, जसेच्या तसे. हे पाय कुठे गेले ते सगळ्या जगात एका तिलाच माहीत होतं.

शेवटच्या शर्यतीला आठ दिवस उरले होते. तो बसने कचेरीला गेल्यावर तिने ढमीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि सायकल ढकलत क्लबच्या मेकॅनिककडे नेली. त्या म्हाताऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो चाकाला कान लावून बिघाड सांगायचा. दुकानात छतापासून ट्यूबा लोंबत होत्या आणि ग्रीसचा वास होता.

"काय होतंय पेशंटला?"

"मागचा ब्रेक घासतोय."

त्याने चाक उचलून एकदा फिरवलं. वाकूनही पाहिलं नाही. "तीन फेरे," तो म्हणाला.

तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मीच दिलेत," ती म्हणाली. "हंगामभर देतेय. पडेल म्हणून भीती वाटायची. त्याला काही माहीत नाही. त्याचं सगळं वर्ष मी मातीत घातलं, डॉक्टर."

डॉक्टरने चष्मा कपाळावर चढवला. त्याला हसू आलं, हसताहसता ठसका लागला, आणि ठसका थांबेपर्यंत तिला तसंच उभं राहावं लागलं.

"अहो सूनबाई, चाक घासतंय हे तुमच्या त्या तान्ह्या पोरीलासुद्धा कळेल. सायकलवाल्याला कळायचं नाही?"

"म्हणजे?"

"रोज सरावाला आला की आधी इथे थांबतो. स्क्रू सैल करतो, मग पुढे. शर्यतीच्या दिवशी स्टार्टच्या रेषेवर करतो. आणि घरी जाताना मोजून पुन्हा घट्ट. मी म्हटलं, अरे गाढवा, एकदाच काय ते सैल करून टाक की! तर म्हणतो, नको, घरी असंच लागतं."

पट्टा तिच्या बोटावरून सुटला.

"परवा दोनाचे तीन झाले, तेव्हा म्हणाला, काळजी वाढलेली दिसतेय."

बाहेर एक ट्रक मागे घेत होता. तो पुरता मागे जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मग मागे का पडतोय तो?"

"झोप," डॉक्टर म्हणाला. "मागच्या शर्यतीत मी गाडीत मागे होतो ना. चढ लागायच्या ऐन तोंडावर पठ्ठ्याने ही एवढी जांभई दिली. रात्री पोरीला कोण घेतं तुमच्याकडे?"

'उठतच नाही ती' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. दात यायला लागले तरी आमची ढमी रात्रभर झोपते, असं गेले तीन महिने ती भेटेल त्याला कौतुकाने सांगत होती. आणि सकाळी ओट्यावर दुधाची बाटली धुऊन पालथी घातलेली असायची. रोज. ती बाटली उचलून तिने रोज जागेवर ठेवली होती.

"सैल करून देऊ?" डॉक्टरने हात पुसत विचारलं.

"नको," ती म्हणाली. "घट्ट मी केलाय, सैल मीच करेन, शर्यतीच्या आदल्या रात्री."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याची उशी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली.

"हे काय?"

"शर्यतीपर्यंत तू इथे झोप. ढमीला दात येतायत, माझ्याजवळच हवं असतं तिला."

तो उशीकडे पाहत राहिला. "ती तर रात्रभर झोपते ना?"

"झोपते ना," ती म्हणाली. "शहाणी आहे."

शर्यतीच्या दिवशी ती पहिल्यांदाच स्टार्टला गेली. त्याच्या पाठीवर चार पिनांनी नंबर लावताना एक पिन तिने तीनदा काढून लावली. मग ढमीला कडेवर घेऊन ती दोरीच्या अलीकडे, गर्दीत जाऊन उभी राहिली.

रांगेत तो नेहमीच्या सवयीने मागे वाकला. हात मागच्या ब्रेकवर गेला आणि बोटं तिथेच थांबली. त्याने चाक जरासं उचलून फिरवलं. कान दिला. पुन्हा फिरवलं. मग सरळ होऊन तो गर्दीत कुणाला तरी शोधायला लागला. तिने घाईघाईने ढमीची टोपी नीट करायला घेतली, ती नीटच होती तरी.

मास्तरांनी शिट्टी वाजवली.

गेल्या वर्षीचं ते वळण तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. ती तिथे जाऊन कठड्याच्या आत उभी राहिली. शर्यत डोंगराला वळसा घालून यायला तास लागला. त्या तासात तिने ढमीला केळं भरवलं, सांडलेलं केळं पुसलं आणि बजावून ठेवलं, "हे बघ, डोळे मिटायचे नाहीत हं."

आधी आवाज आला, पोतंभर मणी ओतावेत तसा. मग रंग. तो मधल्या घोळक्यात होता, हनुवटी हँडलला टेकलेली. वळणावर सगळे एका अंगाला कलले, तोही कलला, इतका, की तिने ढमीचा पाय गच्च धरला. आणि मग पाठीवरचा नंबर सरळ झाला, लहान झाला, पलीकडे दिसेनासा झाला. वारा अंगावरून गेल्यावर ढमीने टाळ्या वाजवल्या.

"बाबा पुढे गेला गं," ती म्हणाली. तिचे डोळे उघडेच होते, फक्त त्यांतून पाणी येत होतं.

तो अकरावा आला.

मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले. क्लबच्या गाडीतून घरी परतताना तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

"चाकभर अंतराने हुकलं," तो म्हणाला.

"मग आता दुसरी टीम?"

"दुसरी टीम." त्याने ढमीला आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "त्यांच्या शर्यती उशिरा सुटतात. झोप तरी होईल."

तिने ढमीची टोपी पुन्हा एकदा नीट केली.

जेवण झाल्यावर भर दुपारी तो सोफ्यावर आडवा झाला तो तसाच, नंबर लावलेल्या कपड्यांत. छातीवर ढमी. दोघांचीही तोंडं सारखीच उघडी. तिने पडदा ओढला आणि पाय न वाजवता गॅलरीत गेली. सायकल भिंतीला टेकलेली होती. ती उकिडवी बसली आणि मागचं चाक फिरवलं.

फरशीवरून कागद ओढावा तसा आवाज आला.

तिने वाकून पाहिलं. दोन फेरे, मोजून. तीन नाही. तिने स्क्रू चिमटीत धरला, क्षणभर धरून ठेवला आणि सोडून दिला. मग आत कुणाला जाग येऊ नये म्हणून फिरतं चाक तळव्याने हलकेच थांबवलं.