माझ्या तोंडातला बोळा

मी एक जुनी काशाची घंटा आहे आणि मित्रांनो, आज कृपा करून मधे बोलू नका. चार महिने माझ्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबलेला होता. त्यामुळे बोलायचं पुष्कळ साठलं आहे, आणि माझं डोकंही अजून ठिकाणावर आलेलं नाही.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या राजाने एकदा फर्मान काढलं, की सगळ्यांनी राजाच्याच पुस्तकातली प्रार्थना म्हणायची. लुथरन पंथाच्या काही ख्रिस्ती शेतकऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी जमिनी विकल्या, मला गवतात गुंडाळून जहाजावर चढवलं आणि थेट दक्षिण ऑस्ट्रेलिया गाठलं. तिथे माळ फोडला, गहू पेरला, द्राक्षं लावली, दगडाचं चर्च बांधलं आणि मला वर टांगलं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

कसचं काय! राजा मागे राहिला, तर हे आपसातच भांडायला लागले. प्रभू येशू परत आल्यावर पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करणार की नाही, यावरून! अहो, येईल तेव्हा त्यालाच विचारा ना. पण नाही. मंडळी फुटली. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन चर्चं झाली, दोन घंटा झाल्या, आणि सख्खे भाऊ दर रविवारी एकमेकांकडे पाठ करून आत शिरू लागले. पुढे महायुद्ध आलं. गावांची जर्मन नावं पुसली गेली, जर्मन शाळांना कुलपं लागली, तरी यांचं आपलं चालूच. नातवंडांना नातवंडं झाली तेव्हा कुठे दोन्ही मंडळ्या एक झाल्या. मग एका गावात दोन घंटा कशाला? मी उरले. तिथल्या लोकांनी मला हिंदुस्थानात पाठवून दिलं, आणि मी बुलढाणा जिल्ह्यात, डोणगावजवळच्या एका वाडीत, टिनाच्या छपराच्या लहानशा चर्चवर येऊन लटकले. घर सुटलं, पण मी खुशीत होते. निदान ते भांडण तरी संपलं होतं.

इथे दिवस फार चांगले गेले. त्या शेतकऱ्यांची एक रीत माझ्यासोबत आली होती. चर्चमध्ये सगळे मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणतात, तेव्हा त्यातल्या एकेका मागणीला माझा एक टोल द्यायचा. कशासाठी? तर जो आजारी आहे, जो शेतात अडकला आहे, त्याने टोल ऐकून तिथूनच सोबत म्हणावी. वाडीने ही रीत उचलली आणि वच्छलाबाईंनी ती जिवापाड जपली. वच्छलाबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या बाई. अंगणात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून त्या ओढ्यापलीकडच्या घरात बाजेवरच असतात. "मले चर्चले जाता येत नाही, त चर्चच मह्या बाजेवर येते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

आणि मग, ये रे माझ्या मागल्या!

या वेळी कारण काय, तर ढोलकी. वच्छलाबाईंचा मुलगा गजेंद्र म्हणे, गाणी जुन्या संथ चालीवरच म्हणायची, पेटीवर. त्याचा मामेभाऊ चंद्रशेखर म्हणे, "त्या चालीवर माणूस झोपी जाते बे! ढोलकी पाह्यजे, टाळ पाह्यजे."

"हे काय भजनी मंडळ हाय?"

"हाव, मंग? तुह्या आज्याले जर्मन पाद्र्यायनं शिकोलं तेच गात बसू का जलमभर?"

झालं. मंडळी फुटली. सकाळी पेटीवाले, त्यांच्यामागून ढोलकीवाले. आता घंटा कोणाची? यावर चर्चच्या पंचांनी डोकं चालवलं. म्हणे, कोणावर अन्याय नको, निकाल लागेपर्यंत घंटा कोणाचीच नाही. आणि माझ्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबून जीभ गच्च करून टाकली. काय हा न्याय! रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

पहिल्याच रविवारी पंजाबराव तरातरा आले. ते वच्छलाबाईंचे शेजारी. स्वतः बौद्ध, पण बाईंच्या चहापाण्याचं बघणारे.

"काऊन रे, घंटा काऊन नाही वाजली? बुढी सकायपासून हात जोडून बसून राह्यली!"

"भांडण मिटू द्या काका, मंग वाजवतो," दोन्हीकडचे म्हणाले.

घरी गजेंद्रने आईला काय सांगावं? "दोरी तुटली, माय. डोणगाववरून आनतो." रविवारमागून रविवार गेले, पण डोणगावची दोरी काही येईना. वच्छलाबाईंची भाकर कमी कमी होत गेली. शेवटी पंजाबराव माझ्याखाली उभे राहून ओरडलेच, "बुढी म्हनते, मंडळीनं मले मरायच्या आंधीच गाळलं. तुमाले काही वाट्टे का नाही?" मग त्यांनी घरी जाऊन बाईंना खरं काय ते सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी पेटीवाले बाहेर पडत होते, ढोलकीवाले आत शिरत होते आणि दारात हीऽऽ गर्दी. तेवढ्यात ओढ्याकडून बाज आली. पंजाबराव आणि त्यांच्या आळीतले तिघे खांदा देत होते. त्यांनी बाज दाराच्या मधोमध टेकवली. वच्छलाबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. हात जोडले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. ही प्रार्थना सुरू झाली की आमच्या माणसांना गप्प राहता येत नाही. पेटीवाले म्हणू लागले, ढोलकीवालेही म्हणू लागले. दुसऱ्यांना आम्ही केली तशी आम्हालाही क्षमा कर, या मागणीपाशी आल्या आणि बाई थांबल्या.

"काऊन थांबली, आत्या?" चंद्रशेखर म्हणाला.

"टोल कुठं हाय?"

"तिच्या तोंडात बोळा हाय, आत्या."

"मंग काढा. हे माफीचं मागनं हाय. टोलाबिगर मह्या तोंडून निंगत नाही, अन् तुमच्याही तोंडून निंगू देनार नाही."

आता आली का पंचाईत! प्रार्थना अर्धी टाकून कोणाला जाता येईना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गजेंद्रने शिडी आणली. त्या शिडीची खालची पायरी मोडकी, कोणी धरल्याशिवाय ती उभी राहत नाही, हे सगळ्या वाडीला माहीत. कोणी हलेना. मग चंद्रशेखरने गळ्यातली ढोलकी पंजाबरावांच्या हातात दिली आणि शिडी घट्ट धरली.

"हळू चढ बे," तो पुटपुटला.

बोळा निघाला. चार महिन्यांची धूळ आणि गांधीलमाशीचं अख्खं घर चंद्रशेखरच्या तेल लावलेल्या भांगात पडलं. पण त्याने शिडी सोडली नाही. गजेंद्रने हाताने माझी जीभ ढकलली. मी वाजले. राग होता ना, त्यामुळे जरा जास्तच मोठ्याने वाजले. मग ती मागणी आणि पुढची प्रार्थना सगळ्यांनी म्हटली, आमेनपर्यंत.

बाज उचलताना वच्छलाबाईंनी वर पाहिलं. "गजेंद्र, दोरी तुटली व्हती ना रे? चांगली लोंबून त राह्यली."

मित्रांनो, पेटी की ढोलकी, याचा निकाल अजून लागलेला नाही, पण मी मात्र दोन्हीकडच्या प्रार्थनेला वाजते. दोघं तावातावाने भांडतात, मी वरून ऐकते आणि कपाळाला हात लावावा म्हणते, पण मला हात नाहीत. घरोघरी मातीच्या चुली, तिकडेही आणि इकडेही. तुम्हीही भांडा खुशाल. पण भांडताना घंटेच्या तोंडात बोळा कोंबू नका. घंटा चर्चच्या आत बसलेल्यांची नसतेच मुळी, ते तर आलेलेच असतात. ती असते ओढ्यापलीकडे बाजेवर हात जोडून बसलेल्याची.