जहाजाचा आवाज कोण?

चाळिसाव्याच्या आदल्या सकाळी रालित्सा पाव आणायला खाली उतरली, तर इमारतीच्या दारावर आई. शोकपत्रकासाठी फोटो रालित्सानेच निवडून दिला होता. निळ्या कॉलरचा, किंचित वैतागलेला. काळी चौकट, वर क्रूस, ‘वेलिच्का कोलारोवाविना चाळीस दिवस’, खाली चर्चची वेळ आणि घरच्या जेवणाचं बोलावणं. सगळं ठरल्यासारखं होतं. फक्त नावाखाली, जिथे इतरांच्या शोकपत्रकांवर ‘शिक्षिका’ नाहीतर ‘अभियंता’ असं छापतात, तिथे छापलं होतं: जहाजाचा आवाज.

कोपऱ्यावरच्या खांबावरही तेच. बसथांब्यावर तेच. पावाच्या दुकानाच्या काचेवर तर दोन, शेजारी शेजारी. पुढच्या वळणावर ते चिकटवणारा माणूसच सापडला, आईचा जुना मित्र, रालित्साचा लहानपणापासूनचा चिचो, म्हणजे काका. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, डोक्यावर उन्हाळ्यापासून न उतरलेली टोपी.

“चिचो पेन्यो, हे काय छापलंत?”

“का? अक्षरं वाकडी आलीत?”

“आई बसस्थानकावर निवेदक होती. आयुष्यभर.”

“ते अख्ख्या गाब्रोवोला माहीत आहे,” पेन्यो भिंतीवरची सुरकुती ब्रशने सपाट करत म्हणाला. “माहीत असलेलं छापायला शाई कशाला घालवायची?”

रालित्सा पाव घेऊन परतली. जिन्यात थांबून तिने दारावरचा कागद काढावा का, असा विचार केला. मृताचा कागद कुणी काढत नाही, पाऊसच काढतो. तिनेही हात लावला नाही.

जहाजाची गोष्ट अशी होती. आई तरुण असताना एका तांत्रिक मासिकात ‘शनीपर्यंत उतारच आहे’ नावाची विज्ञानकथा आली होती. लिहिणारा गावच्याच हवामान केंद्रातला. त्याने पुढे एक ओळही लिहिली नाही. कथेतलं अंतराळयान गाब्रोवोचं, म्हणजे काटकसरीसाठी देशभर चेष्टा होणाऱ्या याच गावचं. कप्तानाची पक्की समजूत, की शनीपर्यंत उतार आहे, तेव्हा इंधन कशाला जाळा. म्हणून तो चंद्रापाशीच इंजीन बंद करतो. यानातल्या मांजराचं शेपूट कापलेलं, कारण शेपूट आत येईपर्यंत दार उघडं राहतं आणि हवा वाया जाते. आणि सगळ्यांवर नजर ठेवणारं ते जहाज स्वतः बोलतं. कोण किती श्वास घेतो, कुणाचा दिवा जळत राहिला, यावरून प्रवासभर कुरकुरतं.

वेलिच्का, पेन्यो, गेनोवेवा आणि आता हयात नसलेले दोघे-तिघे या कथेवर जीव टाकणारे. यावर चित्रपट निघाला तर कोणत्या भूमिकेत कोण, हा त्यांचा दर रविवारचा वाद. बसस्थानकाजवळच्या कॉफीच्या टपरीवर बसून तो चालायचा. चित्रपट कुणीच काढणार नव्हतं. बाजारात तुरी म्हणतात, तशातली गत. सुरुवातीला ते सोफियाच्या नाटकांतले बडे नट घ्यायचे. मग एकदा पेन्यो म्हणाला, त्यांना इथे आणायचं म्हणजे जेवण आलं, मुक्काम आला, त्यापेक्षा गावातलेच घेऊ. तेव्हापासून वेलिच्का आपल्या काचेच्या खिडकीतून स्थानकावरच्या माणसांकडे बघत त्यांना भूमिका वाटू लागली. जहाजाचा आवाज तिचा, यावर मात्र कधी वाद झाला नाही. सोळा मिनिटं उशिरा आलेल्या बसची घोषणा ती अशी करायची, की ड्रायव्हर मान खाली घालून उतरायचा.

नियम एकच होता. माणूस जिवंत असेपर्यंत त्याची भूमिका काढायची नाही. माणूस गेला, की चाळिसाव्याच्या जेवणात, मृताच्या नावाने उकडलेल्या गव्हाचा घास घेण्याआधी, ती दुसऱ्याला द्यायची. रिकामी राहिली तर चित्रपट बंद. पेन्यो मागांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला. एक दात तुटला तरी माग अडतो, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं रालित्साला ठाऊक होतं. परदेशात, ग्रात्समधल्या आपल्या घरी, गॅसवरचं सूप ढवळत, खांद्याने फोन कानाशी धरून, तिने ते आईच्या दर रविवारच्या फोनवर वर्षानुवर्षं ऐकलं होतं. आणि म्हणूनच हा नियम तिला नको होता. आई निवृत्त झाली तेव्हा स्थानकावर यंत्र बसलं. कुठल्यातरी बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. बस सेव्हलिएवोची असो की सोफियाची, सगळं एकाच गोडव्यात. परवा गावी आल्यापासून रालित्सा स्थानक टाळून लांबच्या पुलावरून जात होती. आईचा आवाज एकदा बदलून झाला होता. दुसऱ्यांदा, तोही आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, तिला बदलू द्यायचा नव्हता.

दुपारी ती औषधाच्या दुकानात गेली. डोकं दुखत होतं. काउंटरमागची यूलिया गोळ्या देता देता थांबली.

“तुम्ही वेलिच्काची मुलगी ना? मी शनीवरची कस्टम अधिकारी.”

“हो का?”

“त्या म्हणाल्या, तू डॉक्टरची चिठ्ठी अशी बघतेस, जशी काही मीच ती घरी बसून लिहिली. तेव्हापासून मी कस्टममध्ये.” यूलियाने गोळ्यांच्या पाकिटाचा कोपरा उगाच सरळ केला. “घरी सांगितलं तर नवरा आठवडाभर हसत होता. त्या वर्षी आमच्या घरात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं. उद्या येते मी.”

दुसऱ्या दिवशी कबरीवर वाइन ओतून, मेणबत्त्या लावून रालित्सा घरी आली, तेव्हा जिन्यात रांग होती. तिने बारा जणांचा स्वयंपाक केला होता. पांढऱ्या घेवड्याचं सूप, भरलेल्या मिरच्या आणि साखर-अक्रोड घातलेला उकडलेला गहू. रांगेत बाराच्या तिपटीने माणसं होती, आणि गाब्रोवोचीच असल्यामुळे बहुतेकांनी घरून चमचा आणला होता. काहींनी स्टूलही.

“देव तिला क्षमा करो,” असं म्हणत एकेक जण आत येई आणि नावाऐवजी भूमिका सांगे.

“मी लघुग्रह,” बसड्रायव्हर स्तामेन दारात मावता मावता म्हणाला. “कुणालाही वाट न देणारा.”

“ते भूमिकेत लिहिलंय की स्वभावात?” मागून कुणीतरी विचारलं.

“दोन्हीकडे. म्हणून तर वेलिच्काने निवडलं. चला, आत सरका.”

पोस्टातली बाई म्हणजे उशिरा पोचणारा प्रकाशकिरण. चांभार म्हणजे गुरुत्वाकर्षण, कारण त्याच्याकडे टाकलेली वस्तू पुन्हा वर येत नाही. रालित्सा वाट्या भरत होती, सूप पातळ करत होती, पाव आणखी बारीक कापत होती. प्रत्येक जण वाटी घेताना आईविषयी एखादं वाक्य बोले आणि बाजूला होई. रडत कुणीच नव्हतं. आजारपणात स्तामेन रोज संध्याकाळी बस दोन मिनिटं खिडकीखाली उभी करून भोंगा वाजवायचा, हे तिला आज कळलं. आई फोनवर म्हणायची, “लघुग्रह जाऊन आला,” आणि रालित्साला वाटायचं, औषधांनी भ्रम होतोय.

सगळे टेकल्यावर पेन्यो उठला. मृताच्या नावाने पिताना ग्लास भिडवायचा नसतो, थेंब जमिनीवर सांडायचा असतो. त्याने गालिचा पाहिला आणि थेंब बशीत सांडला.

“जहाजाचा आवाज,” तो म्हणाला. “बोला.”

“यूलिया!”

“मी कस्टम आहे, मला जागा सोडायची नाही.”

“पोस्टाची बाई!”

“ती बोलेपर्यंत जहाज शनीवरून परत येईल.”

“अरे, स्थानकावरचं यंत्र घ्या की,” चांभार म्हणाला. “ना जेवण, ना मुक्काम!”

हशा झाला. रालित्साच्या हातातली पळी भांड्यात पडली.

“नको,” ती म्हणाली. आवाज तिने वाढवला नव्हता. “यंत्र नको, आणि दुसरं कुणीही नको. तो आवाज आईचा होता. तो तिच्याबरोबर जाऊ दे.”

पेन्यो तिच्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता. एखादा जुना माग शेवटचा बंद करताना बघावं, तसा बघत होता.

“मग चित्रपट बंद,” तो म्हणाला आणि त्याने गव्हाचा चमचा न खाता खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

रालित्सा स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुवू लागली. पाठोपाठ गेनोवेवा आली, रालित्साची लेल्या, म्हणजे मावशी. ठेंगणी, करड्या स्वेटरमधली. उभं आयुष्य गावच्या नाटकघरात रंगमंचाखालच्या खोक्यात बसून नटांना विसरलेले शब्द पुरवण्यात गेलेलं. तिने आधी नळ बंद केला.

“पाणी वाया जातंय, पोरी.”

“लेल्या गेनोवेवा, एक विचारू?” रालित्साने वाटी पुसायला घेतली. “ड्रायव्हरला भूमिका मिळाली. चांभाराला मिळाली. स्थानकावरच्या मांजराला मिळाली. इतक्या वर्षांत आईने मला काहीच कसं दिलं नाही?”

गेनोवेवाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू एखादा नट आपलंच नाव विसरला होता.

“तुला काही नाही? अगं, तू प्रेक्षक.”

“म्हणजे?”

“पेन्यो तुला शनीची राणी करायला निघाला होता. वेलिच्काने टेबलावर हात आपटला. माझ्या मुलीला हात लावायचा नाही म्हणाली. सगळेच पडद्यावर चढले तर बघणार कोण? अकरा वाजायला आले की ती कॉफी अर्धी टाकून उठायची. कॉफी टाकायची, गाब्रोवोत! प्रेक्षक वाट बघतोय म्हणायची. तुझ्यासाठी आम्हाला भांडण अकराच्या आत मिटवावं लागायचं.”

रालित्सा पुसलेलीच वाटी पुन्हा पुसू लागली.

“आणि तू हसलीस का, हे दुसऱ्या रविवारी आम्हाला सांगायची. तू हसलीस, तर भूमिका पक्की. नुसतं ‘हं’ म्हणालीस, तर रद्द. तो नळदुरुस्तीवाला आठवतो? धूमकेतू केला होता त्याला. तू ‘हं’ म्हणालीस. संपला बिचारा.”

तो ‘हं’ रालित्साला आठवत होता. “सूप उतू चाललं होतं तेव्हा,” ती म्हणाली. तिने वाटी ठेवली आणि ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकले. एवढे रविवार ती समजत होती, की एका एकट्या बाईचं बोलणं आपण ऐकून घेतोय. आणि इकडे सबंध गाव तिच्या हसण्यासाठी वेशभूषा करून उभं होतं. तिच्या तोंडून आभाराचा शब्द निघाला, पण तो कुणाला उद्देशून होता, ते तिलाच नीट सांगता आलं नसतं.

“लेल्या, तुझी भूमिका कोणती गं? मी विसरले.”

“कुंडीतलं झाड. यानात एक असतं ना, कोपऱ्यात. वेलिच्का म्हणायची, न दिसता जगायचं कसं, ते तुलाच येतं.”

रालित्साने तिचा हात धरला आणि तिला बाहेरच्या खोलीत घेऊन आली. चमचे तसेच होते. लोक कुजबुजत होते, काहींनी टोप्या हातात घेतल्या होत्या.

“जहाजाचा आवाज,” रालित्सा म्हणाली, “गेनोवेवा.”

“कोण? ही?” पेन्यो उसळला. “अगं, चाळीस वर्षं खोक्यात कुजबुजून हिचा आवाजच उरला नाही! शेजारी बसलं तरी हिचं ऐकू येत नाही. जहाज आहे ते, यानभर ऐकू जायला हवं!”

“चिचो पेन्यो, जहाज कुठलं आहे?”

“गाब्रोवोचं.”

“मग ओरडून वीज जाळेल का ते?”

स्तामेनने मांडीवर थाप मारली. “बरोबर आहे! काटकसरीने बोलेल!”

“म्हण, लेल्या. पहिलं वाक्य.”

गेनोवेवाने स्वेटरचं बटण लावलं, मग काढलं. जन्मभर दुसऱ्यांना शब्द दिले होते, आता कुणी तिला देणारं नव्हतं. तशी गरजही नव्हती. ती बोलली, आणि ते इतकं हळू होतं, की लघुग्रहासकट सगळी खोली तिच्याकडे झुकली. कुणी खुर्ची सरकवली नाही. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.

“उसासे टाकू नका. हवा मोजून आणली आहे.”

मग सगळ्या माना रालित्साकडे वळल्या. कस्टम, प्रकाशकिरण, गुरुत्वाकर्षण, सगळे वाट बघत होते. तिला वाटलं होतं, परका आवाज ऐकून छातीत काहीतरी तुटेल. पण ते वाक्य आईचंच होतं आणि तो आवाज गेनोवेवाचा होता, आणि दोन्ही एका खोलीत मावत होते. तिला आधी हुंदका आला की हसू, ते कळायच्या आत ती हसत होती. डोळे पुसत, पदरी पडलेल्या या सगळ्या माणसांकडे बघत, मोठ्याने.

“पक्की!” यूलिया ओरडली.

“मग कुंडीतलं झाड रिकामं झालं,” चांभार म्हणाला. “ते कोण?”

“ते रविवारी,” गेनोवेवा आपल्या नव्या अधिकारात कुजबुजली आणि रालित्साकडे वळली. “अकराला फोन उचल. सूप आधी उतरवून ठेव.”

पेन्योने चमचा उचलला आणि गव्हाचा पहिला घास घेतला.