नुसतं तोंड हलव

स्टीफननं वायरच्या टोकावर फुंकर मारली, ते शर्टाच्या बाहीला पुसलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये खुपसलं. लॅपटॉप टुंग करून वाजला, क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि परत मुका झाला.

"आली का डबी?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"न्हाई अजून."

"मागल्या नाताळाला तर लावल्या लावल्या यायची."

"तवा अपडेट झालं नव्हतं, आई. आता लॅपटॉप नवा झालाय. जुन्या माणसांना वळखत न्हाई."

प्रेमाबाई हसल्या. रविवारची उपासना उरकून मायलेक शिरूरच्या घरी, चर्चमागच्या गल्लीत, ओसरीवर बसले होते. स्टीफनची बायको सीमा आणि मुलगी एंजल कॅरलच्या तालमीला मागं थांबल्या होत्या. चहा ठेवायचा राहिला होता, कारण डबी दिसल्याशिवाय प्रेमाबाई उठणार नव्हत्या.

डबी म्हणजे तळहातावर मावणारा, पाठीला चकचकीत आणि पोटावर गोल चाक असलेला गाण्यांचा जुना प्लेअर. असल्या वस्तू आता कुणी विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही. स्टीफनच्या थोरल्या बहिणीनं, फेथनं, तो कधीकाळी दौंडला घेतला होता आणि वडिलांच्या गायनाच्या कॅसेटी तिथल्या एका स्टुडिओवाल्याकडून त्यात भरून घेतल्या होत्या. पुढं कॅसेटींना बुरशी आली, त्या फेकल्या. मग वडीलही गेले. शिरूरच्या मंडळीत जन्मभर पेटी वाजवलेले बन्यामीन मास्तर आता काय ते त्या डबीतच उरले होते.

प्रेमाबाई रोज दुपारी भांडी झाली की कानात वायर घालून बसत. त्यांना चाल ओळखता यायची, गळ्यातून काढता यायची नाही. 'गोठ्यात दिवा' हे मास्तरांनी स्वतः चाल लावलेलं नाताळचं गाणं लागलं की एका जागी त्या बोट वर करायच्या. 'गोठ्यात' एवढं म्हणून झालं की मास्तर अख्ख्या गायनमंडळाला थांबवत. क्षणभर नुसती शांतता, मग सगळ्यांनी मिळून 'दिवा'. असा थांबा दुसऱ्या कुणाच्या चालीत नव्हता, आणि त्याच थांब्यात स्टीफनचा घात झाला होता.

तेव्हा तो शाळेत होता, आवाज नुकता फुटत होता. तालमीत सगळे थांबले आणि याचा एकट्याचा 'दिवा' फाटक्या आवाजात पुढं निघून गेला. कॅसेट चालू होती. पेटी बंद पडल्याचं ऐकू येतं, मग मास्तरांचा आवाज, अजिबात न चढलेला:

"स्टीफन, तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नको."

मग सगळ्या मंडळाचं हसणं. त्यात पेटीमागून मास्तरांचंही.

घरानं ते वाक्य चांदीच्या भांड्यासारखं जपलं. पाहुणा आला की चहाबरोबर डबी बाहेर निघायची. स्टीफनच्या लग्नात पाळकसाहेबांनी शपथ म्हणायला सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी तेच पुटपुटलं आणि सगळं चर्च खुसखुसलं. स्टीफनही हसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त यात मार खाणाऱ्याला वर हसावंही लागतं. मास्तरांनी नंतर कधी 'आता गा' म्हटलं नाही आणि यानं कधी विचारलं नाही. कारेगावात राहून रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझरकी करणारा हा माणूस मशीनच्या गोंगाटावर आवाज चढवून या टोकाची माणसं त्या टोकाला पळवायचा. पण रविवारी बाकापाशी उभा राहिला की गीतांचं पुस्तक उघडायचा आणि नुसतं तोंड हलवायचा.

फोन वाजला. फेथ होती. मास्तरांच्या स्मरणार्थ तिनं दौंडच्या तिच्या चर्चमध्ये उपासना ठेवली होती. डबीतली गाणी पेनड्राइव्हवर काढायची, तिथल्या गायनमंडळानं ऐकून चाल शिकायची आणि त्या दिवशी मोठ्या स्पीकरवर मास्तरांचा आवाज लावायचा, असा बेत होता.

"झालं का रे?"

"करतोय, ताई. एक इचारू? त्यातलं ते मधलं, तेवढं कापून टाकू का?"

"मधलं कुठलं?"

"तोंड हलव."

फेथ तिकडून खो खो हसली. "अरे, तीच तर मजा हाय! मी पाळकसायबांना सांगितलं, तर ते म्हणले पयलं तेच लावा. पप्पा कसे व्हते ते समद्यांना कळू दे की."

"व्हय बाई, ते ठेव," प्रेमाबाई इकडून म्हणाल्या. "ते ऐकलं की वाटतं, हे आत्ता पेटीवरनं उठून येतील."

स्टीफननं फोन ठेवला आणि परत कामाला लागला. वायर बदलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. डबीच्या डोक्यावरची लॉकची पट्टी इकडंतिकडं सरकवली. मग मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला हिंदी बोलणारा पोरगा असली जुनी यंत्रं मांडीवर घेऊन बसला होता. मेनूचं आणि मधलं बटण एकदम दाबून धरा, पडदा काळा होईल, घाबरू नका, म्हणाला. शेवटी त्यानं बोट उगारलं. "और एक बात. लॅपटॉप कुछ भी बोले, रिस्टोअर मत दबाना, भाई. सब उड़ जाएगा."

स्टीफननं आवाज बारीक केला. प्रेमाबाईंना हिंदी येत नव्हती, तरी केला.

दोन्ही बटणं दाबून धरल्यावर पडदा काळा झाला, मग उजळला. गाण्यांची नावं आली. त्यानं वायर कानात घातली आणि चाक फिरवलं. पेटीचा भाता, कुणाचं तरी खोकणं, 'गोठ्यात', आणि मग ते. त्यानं झटक्यात वायर काढली. कानाची पाळी तापली होती. मिशा पिकायला लागलेला माणूस आणि कान अजून त्या पोराचा.

खरं तर काम तिथंच झालं होतं. डबीला काहीच झालं नव्हतं, अपडेट झालेल्या लॅपटॉपला ती उमगत नव्हती, एवढंच. पेनड्राइव्ह नसता तरी डबीची वायर सरळ चर्चच्या स्पीकरच्या मशीनला जोडता आली असती आणि मास्तर अख्ख्या दौंडला ऐकू आले असते. हे स्टीफनला पक्कं ठाऊक होतं. त्यानं डबी परत लॅपटॉपला जोडली.

या वेळी पडद्यावर एक चौकट आली.

"आलं काहीतरी!" प्रेमाबाई पुढं सरकल्या. "काय म्हणतंय?"

"म्हणतंय, रिस्टोअर करा."

"रिस्टोअर!" प्रेमाबाईंचा चेहरा उजळला.

हा शब्द त्यांना ठाऊक होता. शिक्रापूरला मांडव घालून मोठी प्रार्थनासभा झाली होती, तिला त्या बायकांबरोबर टेम्पोत बसून गेल्या होत्या. स्टेजवरचा पाहुणा उपदेशक हात उंच करून ओरडायचा, रिस्टोअर! आणि मांडव ओरडायचा, आमेन! शेजारच्या बाईनं अर्थ सांगितला होता, की जे जे गेलं ते देव परत देणार. तेव्हापासून हरवलेली कोंबडी सापडली तरी प्रेमाबाई म्हणायच्या, रिस्टोअर झाली बाई. आख्खी गल्ली त्यावरून त्यांची चेष्टा करायची.

"मग बघत काय बसलास? कर की."

स्टीफननं लॅपटॉप त्यांच्या मांडीपाशी सरकवला.

"तूच दाब, आई. तुझ्या हातानं व्हऊ दे."

प्रेमाबाईंनी बोट पदराला पुसलं. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. "हितं?"

"व्हय. हितंच."

त्यांनी दाबलं. दुसरी चौकट आली.

"आता काय?"

"पुन्हा इचारतंय. नक्की का म्हणून."

"किती इचारतंय मेलं!" प्रेमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा दाबलं.

एक निळी रेघ डावीकडून उजवीकडं भरत चालली. प्रेमाबाई हात जोडून तिच्याकडं बघत होत्या. स्टीफनही बघत होता, आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटत होतं. दुखरी दाढ उपटल्यावर जीभ त्या खळग्यात फिरते, तसं मन त्या जागी फिरून येत होतं आणि तिथं काहीच नव्हतं.

रेघ भरली. प्रेमाबाईंनी वायर कानात घातली.

"वाजंना."

"थांब जरा."

त्या थांबल्या. स्टीफननंच आत जाऊन चहा केला, आणून पुढं ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही, मान जराशी तिरपी करून ऐकत राहिल्या. आतून मास्तर आता बोलतील, मग बोलतील, असा तो चेहरा होता. चहावर साय धरली.

"आई, गेलं वाटतं समदं," शेवटी स्टीफन म्हणाला. "अपडेटमुळं."

प्रेमाबाईंनी वायर काढली, डबीभोवती नीट गुंडाळली आणि डबी मांडीवर उपडी ठेवली.

"माझ्याच हातानं गेलं रं," त्या म्हणाल्या.

स्टीफननं कप उचलले आणि मोरीकडं नेले. 'न्हाई आई' एवढं म्हणायला काही पैसे पडत नव्हते. तेही तो म्हणाला नाही.

दौंडला उपासनेच्या दिवशी चर्च भरलं होतं. स्पीकर होते, लावायला काही नव्हतं. पाळकसाहेबांनी प्रेमाबाईंना चार शब्द बोलायला पुढं बोलावलं. त्या माइकला बिचकून लांबच उभ्या राहिल्या.

"मास्तरांचा आवाज आणणार व्हतो, पण न्हाई आणता आला," त्या म्हणाल्या. "स्टीफनचा काय बी दोष न्हाई. त्यानं लई खटपट केली. बटण म्या दाबलं." त्यांनी डोळे टिपले. मग एकदम हसल्या. "आवाज गेला म्हणून काय झालं? मी सांगते की ते कसं बोलायचे."

आणि त्यांनी सांगितलं. तालीम, थांबा, फाटका 'दिवा', सगळं. गाण्याची एक ओळ गळ्यातून न निघणाऱ्या प्रेमाबाईंनी ते वाक्य मात्र हुबेहूब काढलं, मास्तरांच्याच ठेवणीत: "स्टीफन, तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नको." सगळं चर्च हसलं. डबीत होतं तेव्हा ते निदान वायर लावल्याशिवाय बाहेर येत नव्हतं.

"आज्जी, असं न्हाई," पहिल्या बाकावरून एंजल ओरडली. "'नुसतं' वर जोर होता!" तिनं ते म्हणून दाखवलं. पोरीचा गळा गोड होता आणि नक्कल अचूक. लोक आणखी हसले. स्टीफनही हसला.

हसू ओसरल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आता मास्तरांचं 'गोठ्यात दिवा' म्हणू या. शब्द कागदावर दिलेत. चाल कुणाला येते?"

फेथनं सुरुवात केली, पण पहिली ओळ संपायच्या आत ती कुठल्याशा लग्नातल्या गाण्यावर घसरली आणि जीभ चावून खाली बसली. शिरूरच्या जुन्या गायनमंडळातलं तिथं कुणी नव्हतं. एंजलनं मान हलवली. वाक्य तिला पाठ होतं, गाणं नव्हतं.

प्रेमाबाई येऊन स्टीफनशेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू व्हतास की रं समद्या तालमींना. तुला येत आसंल."

सगळं चर्च त्याच्याकडं वळलं. चाल त्याला येत होती. मास्तरांची एकूण एक चाल येत होती, थांब्यांसकट. इतकी वर्षं आवाज न काढता त्यानं त्याच तर म्हटल्या होत्या. घशाशी पहिला सूर येऊन उभाही राहिला.

"मला?" स्टीफन म्हणाला. "मी तर नुसतं तोंड हलवायचो."

त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हसू तेव्हा झालं. पाळकसाहेबांनीही चष्मा काढून डोळे पुसले. मग पेटीवाल्यानं सगळ्यांना येणारी एक सोपी चाल धरली आणि मंडळी उभी राहिली. शब्द कसेबसे त्या चालीत बसले. स्टीफनही कागद धरून उभा राहिला आणि तोंड हलवू लागला.

प्रेमाबाईंना अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून त्या मुलाच्या ओठांकडं बघून शब्द लावत होत्या. सगळे 'गोठ्यात दिवा' एका दमात म्हणून पुढं गेले. स्टीफनचे ओठ 'गोठ्यात'वर मिटले. क्षणभर मिटलेलेच राहिले. मग 'दिवा' म्हणून हलले.

प्रेमाबाईंचं बोट आपोआप वर आलं होतं. ते तसंच हवेत राहिलं. दुसऱ्या कडव्यात त्यांनी परत बघितलं. ओठ परत तिथंच मिटले.

त्यांनी बोट खाली घेतलं. गाणं चालूच होतं. त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

"स्टीफन," त्यांनी हळूच विचारलं, "रिस्टोअर म्हंजी काय रं?"

स्टीफन कागदाकडं बघत तोंड हलवत राहिला.